गच्चीवरचे शून्य

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न वर्षे सात महिने, धंदा वाहनांच्या धुराची तपासणी, गल्लीत ‘पॉइंट मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दमदाटीला न जुमानता हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. छातीच्या डॉक्टरांच्या मोजणीत माझा श्वास एकसष्ट टक्के भरला आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी दुकान धाकट्या भावाला दिले होते. ते रद्द समजावे. कारण कलम तीनमध्ये आहे.

१. राहते घर, खालचे दुकान सोडून, गच्चीसह पत्नीला. बँकेतली शिल्लकही तिलाच. यावर चर्चा नको.

२. हत्यारे व यंत्रांची सगळी माहितीपुस्तके लेकीला. तेरा नंबरचा पाना टेम्पोवाल्याकडे आहे, तो मागून घ्यावा. माझी शाळा सातवीत सुटली. ही पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरला मी तिसऱ्या दिवशी जे विचारले, त्याचे उत्तर त्याला फोन करून आणावे लागले. याचा मला अभिमान आहे आणि तो माझ्या पश्चात कायम ठेवावा.

३. दुकान व तपासणी यंत्र लेकीला.

याचा खुलासा करणे भाग आहे. यंत्र रोज सकाळी आसपासची हवा ओढते, तिलाच स्वच्छ म्हणजे शून्य मानते आणि गाडीचा धूर तिथपासून मोजते. तपासणीला इंजिन गरम लागते, म्हणून मी पहिली गाडी आत चालू ठेवून मगच शून्य घ्यायचो. वेळ वाचायचा. असे अकरा वर्षे चालले. मी एकही खोटी पावती दिली नाही, हे छाती ठोकून सांगत होतो. कोपऱ्यात पत्नी पावत्या लिहायची. दुपारपर्यंत तिचे डोके ठणकायचे. मी दोनदा तिचा चष्मा बदलून आणला.

दोन वर्षांपूर्वी लेक सुट्टीत दुकानात बसली.

“बाबा, हे शून्य कुठलं?”

“कुठलं म्हणजे? इथलं.”

“इथं आईचं डोकं दुखतं. मग इथली हवा शून्य कशी?”

“यंत्राचं मला शिकवू नकोस.”

तिने यंत्र उचलले, तेवीस पायऱ्या चढून गच्चीवर नेले, तिथे शून्य घेतले आणि खाली आणून नुसत्या दुकानाच्या हवेत लावले. कार्बन मोनॉक्साइड: शून्य पॉइंट शून्य दोन टक्के. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. पत्नीने आकडा वाचला आणि एवढेच म्हणाली, “म्हणजे पहिला चष्मा बरोबरच होता तर.”

म्हणजे प्रत्येक गाडीचा धूर मी निदान तेवढा कमी मोजला होता. मी वह्या काढल्या. काठावर पास झालेल्या चारशे बारा गाड्या निघाल्या. भाऊ म्हणाला, “दादा, गप्प बस ना. कोणाला कळलंय?” मी दारावर पाटी लावली: ‘चूक माझी आहे. पुन्हा तपासणी फुकट.’ एकशे सदतीस गाड्या आल्या, अठ्ठ्याऐंशी नापास झाल्या. त्यांतली एक भावाची होती. आकडा कमी यावा म्हणून त्याने त्या वेळी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये अर्धीच घालायला सांगितली. मी पुरती घातली.

म्हणून अटी: शून्य रोज गच्चीवरच घ्यावे. भिंतीतला धूर ओढणारा पंखा दुकान उघडे असेपर्यंत बंद करू नये. यंत्र भावाला एका दुपारपुरतेही देऊ नये.

४. तेरा वर्षांच्या तेरा वह्या लेकीला, रद्दीला नाही. यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचाही आकडा येतो. त्यावर कोणी नापास होत नाही. उलट इंजिन नीट जळले की तो वाढतो. मी तो प्रत्येक गाडीचा लिहिला आहे. टेम्पोवाला हसायचा, “मास्तर, ज्याचा दंड नाही ते कशाला लिहिता?” दंड आहे. हा वायू वर जाऊन पिढ्यान्‌पिढ्या उष्णता धरून ठेवतो. पावती नातवंडांच्या नावावर फाटणार आहे. तेव्हा कोणी विचारलेच, तर या गल्लीचा हिशेब तयार असावा.

५. धाकट्या भावाला माझी सायकल. तिला धूर नाही आणि तिच्यावर अर्धे पायडल मारून कुठेही पोहोचता येत नाही. राग नाही, पण विसरलेलोही नाही.

गच्चीवरची हवाही पुरती स्वच्छ नाही, हे मला ठाऊक आहे. त्याहून वर जिना नाही. तो कसा काढायचा, हे लेकीने शोधावे. मला यंत्र शिकायला पुस्तके लागली. तिने आईच्या कपाळाकडे पाहून ओळखले.

लेक साक्षीदार नाही, कारण लाभ घेणाऱ्याने साक्ष द्यायची नसते. हेही मी वाचूनच शिकलो.

साक्षीदार पहिला: टेम्पोवाला. माझ्याकडे नऊ वेळा नापास, तरी दुसरीकडे गेला नाही. (सही)
साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण. वाचून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून. (सही)

मृत्युपत्र करणारा: पॉइंट मास्तर (सही)
ठिकाण: घराची गच्ची
तारीख: ९ फेब्रुवारी २०२४, सकाळी साडेनऊ
सहीपूर्वी शून्य घेतले: लेकीने. मी फक्त नळी धरली.