काखेतलं पाणी

माय, तू जिच्यापायी गेलीस तसलीच गाठ माझ्याबी छातीत निघाली. वेळेत सापडली म्हणून सगळं काढलं न्हाई, गाठ आणि तिच्या भोवतालचं तेवढंच काढलं, काखेतल्याही दोन-चार गाठी घेतल्या. आतलं पाणी जायला लावलेली नळी काढली आणि मग काखेखाली पाणी साचायला लागलं. तुझ्यासारखंच, त्याच बाजूला. कूस बदलली की अर्ध्या पखालीसारखं आत हलतं.

डॉक्टरीणबाई मला बोलल्याच. "मांस काढलं तिथं पोकळी राहते, पाणी धरतं. छातीचा पट्टा घट्ट ठेवा, जड उचलू नका, हात दाखवला तेवढाच हलवा. लई फुगलं तर इकडं या, आम्ही काढू. घरी टोचायचं नाही म्हणजे नाही!" मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातंय!

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा आपली मेंढरं धारूरच्या डोंगराला बसली होती. मेंढीला गळू झालं की तू दाभण चुलीत लाल करायचीस, मेंढी गुडघ्यात दाबायचीस आणि एकदाच टोचायचीस. घाण निघाली की तासाभरात मेंढी चरायला लागायची. तुझ्या काखेत पाणी भरलं, तेव्हा मी तोच दाभण तापवला. पाणी भळाभळा निघालं. तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला आणि आठवड्यात तू गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, "मायच म्हणली, टोच." दाभण तुझ्यासंगं मातीत ठेवला, माझ्या या हातानं.

मग परवा तो खिडकीत कुठून आला? नेढ्यात लोकरीचा तोच काळा दोरा. सून म्हणाली, "आत्याबाई, ह्यो कुणाचा हाय? लई गार लागतोय." मी म्हटलं, "असंल कुणाचा. ठिव तिथंच."

आज दुपारी घरात कुणी न्हाई. काख ठणकत होती, पट्ट्यानं जीव नकोसा झाला होता. चिमट्यात धरून दाभण गॅसवर लाल केला, पट्टा सोडला. टोक टेकवणार, तेवढ्यात कुणीतरी मनगट धरलं. गार बोटं, तुझाच वाकडा अंगठा, ओल्या लोकरीचा वास. बाई गं, काय घाबरले! वाटलं, दावा साधायला आलीस. दाभण फरशीवर पडला तरी पकड सुटेना. मी रडायला लागले तेव्हा सुटली.

आता पट्टा पुन्हा आवळून बांधलाय. उद्या दवाखान्यात जाईन. हे लिहिलेलं मात्र सून यायच्या आत न्हाणीच्या चुलीत घालणार हाय, कारण यात एक खोटं हाय आणि ते मला कुणाला दाखवायचं न्हाई.

मनगटावर बोटांचे वळ उठलेत. त्या दिवशी उठले होते अगदी तिथंच. तू टोच म्हणली नव्हतीस, माय. "नगं, पोरी, नगं," म्हणत तू माझं मनगट धरलं होतंस, आणि मी ते झटकलं होतं.