लाहेला जाईल त्याचीच जमीन

मी, धुडकू चुडामण पाटील, वय अदमासे बासष्ट, धंदा शेती, राहणार मौजे लोणखेडा, तालुके शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. ताप अंगात मुरला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने वा भिडेने लिहीत नाही. भीड मी शाळा बांधली त्या वर्षीच सोडली. खालील सर्व मिळकत स्वकष्टाची आहे, भाऊबंदांनी उगीच वकील गाठू नये.

कलम १. राहते घर पत्नी कौसाबाई हिला, पूर्ण मालकीने. विकेल, भाड्याने देईल, तिची मर्जी. तिला कोणी जाब विचारू नये.

कलम २. भिलाटीलगतचा तुकडा, ज्यावर शाळा उभी आहे, तो शाळेला दिला. गावच्या शाळेत भिलांची पोरे ओट्याखाली उन्हात बसवीत, म्हणून ही शाळा. सरकारी मदत मागायला गेलो, तर ओव्हरसियर साहेबांनी नुसता दगडी इमारतीचा नकाशा दिला. तेवढा पैसा असता तर त्यांच्या दारात गेलो कशाला असतो? तेव्हा माझा सालदार दगा म्हणाला, "पाटील, लाह बलावा. भिंती आम्ही उभ्या करसूत."

लाह ही त्यांची डोंगरातली रीत. ज्याचे काम त्याने हाक द्यावी, सर्वांनी येऊन करावे, त्याने जेवू घालावे. मजुरी नाही. दिवस मावळायच्या आत कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. कौसाबाईने भाकरी वाढल्या आणि त्यांच्याच पंगतीत बसली. जातीने तेवढे गिळले. पण लाह घेतली की फेडावी लागते. दगाच्या घरासाठी मी चिखल तुडवला, तेव्हा पंचांनी मला वाळीत टाकले. पाटलाच्या पायाला भिलाच्या घराचा चिखल लागला याची त्यांना लाज वाटली. उन्हात बसवलेल्या पोरांची कधी वाटली नव्हती.

कलम ३. बागायत जमीन मुलगा शांतीलाल यास, एका अटीवर. कुडाच्या भिंती पावसाने खचतात, वरचेवर नव्या कराव्या लागतात. आपण त्यांच्या लाहेला गेलो नाही, तर ते शाळेच्या लाहेला का येतील? म्हणून भिलाटीची हाक आली की शांतीलालने स्वतः जावे. गडी पाठवलेला चालणार नाही. चुकला तर जमीन शाळेची.

अट ऐकून तो म्हणाला, "बाबा, मन्हा पोऱ्यासले जातमा पोरी कोन दी?"

मी म्हटले, "जो दी, तो कामना माणूस ऱ्हाई, बाकीना बिनकामना."

तो उठून गेला. त्याचा मला राग आहे आणि त्याची काळजीही वाटते.

कलम ४. पंचांचा निरोप आला आहे. माफी मागितली नाही, तर तिरडीला जातीचा खांदा मिळणार नाही. माफी मागत नाही. भिलाटी येणार आहे. त्या दिवशी शाळेला सुटी देऊ नये. शांतीलालने हीच आपली पहिली लाह समजावी. पंचांदेखत भिलांच्या बरोबरीने त्याने खांदा दिला, तर जमीन त्याची. बाजूला उभा राहिला, तर मी स्मशानात पोचण्याआधी ती शाळेची झाली.

वाचून, समजून सही केली.

धुडकू चुडामण पाटील, द. खुद्द

साक्षीदार :
१. इंद्रसिंग नवलसिंग गिरासे, मास्तर, द. खुद्द
२. दगा सुरुपसिंग भिल, निशाणी डावा अंगठा

मुक्काम लोणखेडा, तारीख १२ मार्च १९३८