कागदाची डावी बाजू

पुणे, २ सप्टेंबर २०२४

ती. श्रीरंगकाकांस मृणालचा सा. न. वि. वि.

मेंदूच्या गाठीवरच्या आमच्या संशोधनाला सरकारी निधी मिळावा म्हणून पुन्हा अर्ज करतेय. मागच्या वर्षी आमचं म्हणणं समितीला कळलंच नाही. यंदा अर्जदारांसाठी मदत कक्ष उघडलाय. तिथल्या बाई म्हणाल्या, चार पानी मराठी सारांश घरच्या माणसाला वाचायला द्या, अडेल त्या शब्दाला त्याने गोल करावा. तीस वर्षं सुरतेतल्या पोरांचे निबंध लाल करणारा माणूस घरात असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ? मुदत २० तारखेची आहे. काकूला नमस्कार.

अजूनही दहापैकी सहाच मिळवणारी,
मृणाल

भेस्तान, सुरत, ९ सप्टेंबर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

पानं परत पाठवतोय. लाल पेन संपलं, इतके गोल झाले. पण तुझी वाक्यं मधूनच सुरू होतात गं. सुरुवात गाळायची ही कुठली फॅशन? वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती.

इकडे तुझ्या काकूने चटणी-कोशिंबीर वाढायचंच सोडलंय. विचारलं तर म्हणते, ताटातच आहे, तुम्हीच रोज टाकता! बमरोलीच्या वळणावर स्कूटर रिक्षाला घासली, खांदा सुजलाय. रिक्षा कुठून आली तेच कळलं नाही. असो, हल्ली लोक कसेही घुसतात.

अर्जाला यश येवो. माया आहे, ती लाल शाईतूनच समजून घे.
श्रीरंगकाका

पुणे, १२ सप्टेंबर

ती. रजनीकाकूस सा. न.

फोनवर बोलले तेच लिहून देतेय, पानांसकट डॉक्टरांना दाखव. चारही पानांवर लाल गोल फक्त उजव्या अर्ध्या भागात आहेत. डावीकडे त्याहून अवघड शब्द आहेत, तिथे साधा ठिपकाही नाही. चटणी-कोशिंबीर ताटात डावीकडेच असते, आणि खांदाही डावाच सुजलाय. काकांना डावी बाजू जाणवतच नाही, आणि जाणवत नाही हेही कळत नाही. मेंदूतल्या गाठीने असं होऊ शकतं, हे तिसऱ्या पानावर चौकटीत मीच लिहिलंय. ती चौकट डावीकडे आहे.

काकू, मला फार भीती वाटतेय. उद्याच स्कॅन करा. स्कूटरची किल्ली लपव. अर्जाचं राहू दे.

तुझी,
मृणाल

भेस्तान, १७ सप्टेंबर

चि. मृणाल, आशीर्वाद.

या कागदाच्या उजव्या अर्ध्यात तुझ्या काकांनी लिहिलंय, की मी ठणठणीत आहे आणि अर्ज वेळेवर गेलाच पाहिजे. पान भरलं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. डावीकडे अर्धा कागद कोरा होता, तिथे मी लिहितेय. ते शेजारीच बसलेत. विचारतायत, आता जागा कुठे उरलीय?

गाठ आहे. मोठी आहे. तुझी मुदत संपते त्याच दिवशी, शुक्रवारी, ऑपरेशन आहे. पुढचं डॉक्टर बोलले नाहीत आणि मला विचारवलं नाही. त्यांना आम्ही थोडी सूज आहे एवढंच सांगितलंय.

अर्ज पाठव आणि मगच नीघ. तो गेला नाही, तर ते मला कधी माफ करणार नाहीत.

लग्नापासून त्यांच्यापासून मी एक ओळ लपवली नाही. ही पहिलीच, आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोर लिहितेय.

तुझी माया आता जवळ हवी,
रजनीकाकू