मागच्या सीटवरची अबोली

...पण मामा, फोन कट झाला तेव्हा मी हेच विचारत होतो, की विमानाच्या मागच्या सीटवर अबोलीची फुलं येतील कुठून? (आधी नमस्कार घालायला हवा होता. इंग्लिश मीडियममध्ये मायना शिकवला नाही, समजून घ्या. ती. कृष्णनाथमामांना साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? तो दुखतो म्हणून तुम्ही दोन महिने मुरगावहून इकडे आला नाहीत, असं आई सांगते. काळजी घ्या. फोनवर बोलताना आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकते, म्हणून पत्र.)

आपलं विमान (अर्धं तुमचं, अर्धं माझं, शेपूट कुणाचं ते अजून ठरलेलं नाही) तसं मजेत आहे. सत्तरी ओलांडली, अंगावर पत्र्याऐवजी कापड, स्टार्टर नाही. खाणीच्या जुन्या धावपट्टीवर आपला राखणदार शांताराम हाताने पंखा फिरवतो, इंजिन दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा चवथीच्या फटाक्यांसारखं पेटतं. सर्वण गावावरून जाताना खिडकी उघडली की भाताच्या शेतांचा ओला वास वरपर्यंत येतो. खाणींचे खड्डे हिरव्या पाण्याने भरलेले, डिचोलीच्या बाजारात लोक मासळी सोडून वर बघतात. एवढं सुख, पण मागची सीट रिकामी! लायसन्स मिळालं तेव्हाच ठरवलं होतं, तिथे पहिली बसणार ती आई. माझा मित्र प्रवीण किती मागे लागला, त्याला नाही म्हटलं.

पण आई म्हणाली, देवाला विचारते. देवळात कौल लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, विचारलं, 'प्रज्योतच्या विमानात बसू का?' उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. डावी पडली. (वर सीलिंग फॅन चालू होता, हवेचा झोत डावीकडे जात होता, असं मी म्हटलं. पुजाऱ्यांनी माझ्याकडे कसं बघितलं ते लिहीत नाही.)

आता पुरावे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातून तार वर येते ना, खाली बूच तरंगतं ती? शनिवारी ती चार बोटं वर होती, रविवारी अडीच. मागचा पट्टा कुणीतरी सैल केलेला. पुढच्या सीटवर दोन उशा, आणि माझं डोकं तर उशीशिवायच छताला लागतं. शांतारामला विचारलं, पेट्रोल कुठे गेलं? म्हणाला, "उंदीर, बाब." पट्टा? "उंदीर." आणि अबोली? तो फडक्याने पंखा पुसायला लागला आणि म्हणाला, "व्हडलो उंदीर." म्हणजे मोठा.

आधी संशय त्याच्यावरच आला. तीस वर्षं खाणीचे ट्रक चालवलेत त्याने. पण ज्या गाडीला रिव्हर्स नाही ती आपण हाकणार नाही, असं तो देवाची शपथ घेऊन सांगतो. मग प्रवीण? तो डिचोली-पणजी बसमध्ये सुद्धा ओकतो.

आणि काल जेवताना माशाचं हुमण वाढता वाढता आई (केसात नेहमीसारखी अबोली) सहज म्हणाली, "छपरावरचे मागच्या बाजूचे तीन नळे फुटलेत रे, पावसाआधी बदलायला हवेत." मामा, आपल्या छपराची मागची बाजू जमिनीवरून दिसत नाही. शिडी मोडून दोन वर्षं झाली.

कुणावर आरोप करत नाही. फक्त विचारतो, की आपल्या ओळखीत विमान चालवणारा, बुटका आणि आईच्या विश्वासातला असा माणूस कोण?

तुमचा भाचा,
प्रज्योत

ता. क. पत्र बंद करणार इतक्यात पुजाऱ्यांची मुलगी सुमंगला भेटली. आईने दुसऱ्या दिवशी परत कौल लावला होता म्हणे. प्रश्न होता, 'भावाच्या विमानात बसू का?' उजवी पडली, ती पण लगेच! मामा, विमान एकच आहे.

ता. क. २. राग नाही. (थोडा आहे.) आई वर घाबरली का? हसली का? तेवढं कळवा. आणि एक विनंती: माझं अर्धं पण तुमच्या नावावर करून घ्या, शेपटासकट. मग पूर्ण विमान भावाचं, कौल उजवा, आई मागे बसणार. पुढे कोण बसणार हे देवाला कुणी विचारलेलंच नाही. ही लबाडी होईल, की चालेल? तुम्हाला काय वाटतं?