अनुभवाचा दाखला

प्रिय धाकटे,

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. कामातून सवड झाली नाही असं लिहिलं असतं तर तू खरं मानलं असतंस, कारण या बाळंतिणींच्या वॉर्डात तूही सहा वर्षं काढलीस. पण खरं कारण राग. माझ्या पोरीचे परदेशचे कागद तू माझ्या पाठीमागे करून घेतलेस आणि मला ते कळलं ऑफिसातल्या कारकुनाकडून. तिने अनुभवाच्या दाखल्यासाठी अर्ज केला होता. "सिस्टर, पोरगी मावशीकडे चालली वाटतं?" असं त्याने हसत विचारलं. माझ्याच छपराखाली राहणारी मुलगी, आणि तिची बातमी मला कारकुनाने द्यायची. मीही हसले. इन्चार्ज सिस्टरला चारचौघांत तोंड पाडून चालत नाही.

तू गेलीस तेव्हा आपण अकरा जणी होतो. या उन्हाळ्यापर्यंत तिघींवर आलो. खाटा चौतीसच, पण मधल्या जागेत चटया टाकून आणखी दहा-बारा बायका असायच्या. जी नर्स जाते तिची जागा भरत नाहीत. सरकारने बाहेरून कर्ज घेतलं, देणाऱ्यांनी अट घातली की पगाराचा खर्च कमी करा, म्हणून भरती बंद. आणि त्यांच्याच देशात त्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला आपल्या पोरी लागतात. आम्ही शिकवायचं, सुई धरताना थरथरणारा हात वर्षभर सांभाळून घ्यायचा, आणि हात बसला की तो तिकडे पाठवून द्यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तुला टोचायला लिहीत नाही. खोटं कशाला बोलू, टोचायलाच लिहितेय.

मदत मात्र येते. मागच्या वर्षी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पाच काचेच्या पेट्या आल्या. फीत कापली, फोटो झाले. त्यांचा प्लग आपल्या भिंतीत बसेना. वायरमनने खटपट करून बसवला तर दोन पेट्या जळाल्या, मग बाकीच्यांना हात लावायची कुणाची छाती होईना. आता त्यांत आम्ही धुतलेल्या चादरी ठेवतो. चादरींवर अजिबात धूळ बसत नाही.

पोर लहान असताना शाळा सुटली की थेट वॉर्डातच यायची, आठवतं? माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि तो झाला की तुझ्या मागे मागे फिरायची. बाळाच्या मानेखाली हात कसा घालायचा ते तूच तिला शिकवलंस. नर्स हो, असं मी तिला कधी म्हटलं नाही, पण दुसरं काही हो असंही म्हटलं नाही. परीक्षेत ती पहिली आली आणि तिने आपलंच हॉस्पिटल मागून घेतलं. तेव्हा लोक म्हणाले, वेडी आहे. मी मात्र आठवडाभर ताठ मानेने चालले. तू गेलीस त्याचं उट्टं निघालं असं मला वाटलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते.

आता ते लिहिते, जे तिने तुला अर्धंच सांगितलं असेल. अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ. एक सिस्टर रजेवर, मी अधीक्षकांच्या मीटिंगमध्ये, मोठे डॉक्टर ऑपरेशनला. वॉर्डात माझी पोर एकटी. दोन बायका एकाच वेळी अडल्या. त्यातली एक पहिलटकरीण, विटांच्या भट्टीवर काम करणारी. तिची मुलगी सुखरूप झाली, पण रक्त थांबेना. पोरीने सगळं बरोबर केलं. पोट चोळलं, सलाईन लावलं, गर्भपिशवी आकसण्याचं इंजेक्शन दिलं. एक दिलं, दुसरं दिलं. काही उपयोग होईना. आयाला डॉक्टरांकडे पळवलं. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत बाई गेली. मी वॉर्डात पोचले तेव्हा पोर अजून दोन्ही हातांनी तिचं पोट दाबत होती. मी म्हटलं, "सोड आता." ती म्हणाली, "आई, इंजेक्शन लागू का पडलं नाही?"

का लागू पडलं नाही ते मला माहीत होतं, धाकटे. ते औषध थंडच ठेवावं लागतं. आपला फ्रिज नऊ दिवस बंद होता. मी वर तीन अर्ज पाठवले होते, तिन्ही 'पाहिले' असा शेरा घेऊन परत आले. उन्हाळ्याचे दिवस, कपाटात हात घातला तर बाटल्या कोमट लागायच्या. फेकून द्याव्यात तर दुसऱ्या नव्हत्या. मी मनाशी म्हटलं, अगदीच काही नसण्यापेक्षा बरं. आणि कुणाला काही सांगितलं नाही, त्याच बाटल्यांतून सुया भरणाऱ्या माझ्या पोरीलाही नाही.

चौकशी झाली. अधीक्षकांनी मला आत बोलावलं, स्वतः उठून दार लावलं. म्हणाले, "सिस्टर, फ्रिजचं नाव निघालं तर वरचे लोक वॉर्डालाच कुलूप लावतील. पंचवीस कोसांत दुसरा वॉर्ड नाही. नर्सचं दुर्लक्ष म्हटलं की सहा महिन्यांचं निलंबन, मग मी परत घेतो." अहवाल टाईप होऊन तयारच होता. मी सही केली. त्या सगळ्या बायकांसाठी केली असं मी स्वतःला रोज सांगते. पण निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, हेही त्या खोलीत माझ्या डोक्यात होतं. पोरीने अहवाल वाचला, खालची सही वाचली. ती भांडली नाही. स्वयंपाक करते, माझं ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवते. फ्रिजचं तिला नंतर आयाकडून कळलं. त्याच आठवड्यात तिने तुला पत्र टाकलं असणार. म्हणजे तिला तू नेत नाहीयेस. मीच घालवलं तिला. माझा तीन पत्रांचा राग तुझ्यावर कशाला होता, ते आता तुला कळलं असेल.

पत्र लिहायचं कारण असं, की तिकडचं नर्सिंगचं मंडळ निलंबनाबद्दल विचारल्याशिवाय राहणार नाही. सोबत माझं सही-शिक्क्याचं निवेदन जोडलंय. फ्रिज, नऊ दिवस, तीन अर्ज, मी काय लपवलं, सगळं त्यात आहे. ते मंडळाला दे. नुसतं तिकडे पाठवलं असतं तर तीही चोरीच झाली असती, म्हणून गेल्या सोमवारी त्याची एक प्रत अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली आणि एक भट्टीवर जाऊन त्या बाईच्या नवऱ्याला वाचून दाखवली. मुलगी त्याच्या मांडीवर होती. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग तुमच्या मुलीचा दोष नव्हता?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मी तिला फार शिव्या दिल्या." अधीक्षकांनी मात्र सांगितलं होतं तसंच झालं. मला घरी बसवलं आणि कालपासून वॉर्डाला कुलूप आहे. मी चाव्या द्यायला गेले तेव्हा फाटकाशी एक बाई आली होती, दिवस भरलेली, सासूच्या खांद्यावर भार टाकून. दारावरचा कागद दोघींनाही वाचता येईना. रखवालदार दुसरीकडे बघत होता. मीच तो त्यांना वाचून दाखवला.

तुझीच,
ताई