मामाचं विमान आणि गोरज मुहूर्त

सोलापूर,
७ सप्टेंबर १९७५

चि. नंदूस मुकुंदाचा आशीर्वाद. (रिवाजापुरता आहे, लगेच फुगू नकोस.) आम्ही सगळे ठीक. तुझी प्रकृती उत्तमच असणार. दुसऱ्याची काळजी नसली की अन्न अंगी लागतं. लीलाच्या लग्नाला चार महिने झाले. राग निवला की लिहा, असं तुझी अनूताई म्हणाली होती. निवत नाही, म्हणून लिहितो.

अरे, एकुलता एक मामा तू! भाचीला बोहल्यावर आणायचा मान तुझा. आदल्या रात्रीच्या गाडीत बसला असतास तर काय झिजला असतास? पण तू कळवलंस, मुंबई-पुणे विमानानं अर्धा तास, पुढं सोलापूर टॅक्सीनं पाच तास; सकाळचा चहा घेऊन निघतो, दुपारी पंगतीला हजर. (ते पत्र मी मांडवात मोठ्यानं वाचून दाखवलं. गाढव मीच.) त्या अर्ध्या तासात विमानतळ गाठायचा वेळ धरला होतास? विमान बिघडलं आणि दुपारपर्यंत जमिनीवरच बसलं, तसा तूही बसलास. इकडे नातेपुत्याचे महिपतीकाका, गुडघे धरलेले, एसट्या बदलत सकाळीच येऊन मांडवात घोरत होते. पुढं तुझ्या टॅक्सीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तोही कुठं, तर टेंभुर्णीत! लीलाच्या सासरी! तिथलं अख्खं वऱ्हाड आदल्या दिवशीच आमच्याकडे पोचलेलं, आणि तू त्यांच्या गावात चहा ढोसत बसलास.

मुहूर्त गोरज. अंतरपाट धरलेला, नवरामुलगा ताटकळतोय, आणि नवरीला आणायला मामा नाही. भटजींची मंगलाष्टकं संपली. तुझी ताई म्हणे, आणखी म्हणा, नंदू येतोय. मग गिरिजाआत्यांनी म्हटली, मग ज्याला सूर नाही त्यानंही म्हटली, एकानं तर आरतीच सुरू केली. दर 'सावधान'ला लोक अक्षता टाकणार. अक्षता संपल्या, कोठीतली ज्वारी आणली, तीही संपत आली. सूर्य काही तुझ्यासाठी थांबेना. शेवटी शेजारचे शंकरप्पा उठले. म्हणाले, "मामा न्हाय म्हणून पोरगी आत बसवून ठेवता व्हय? मी हाय की!" आणि तिला घेऊन आले.

तू कांद्याच्या ट्रकमधून उतरलास तेव्हा वरात टेंभुर्णीला निघून गेली होती. वाटेत तुला समोरून गेली असणार. जाताना लीला सारखी मान वळवून बघत होती. आम्हाला वाटलं, आमच्याकडे बघतेय. ती रस्त्याकडे बघत होती, नंदू.

शंकरप्पा अजून मानाचा फेटा बांधून येतात, भाचीची खुशाली विचारतात. या घरात मामा म्हणतात ते त्यांनाच. तू पुन्हा इथली पायरी चढू नकोस. कळावे. लोभ आहे असं लिहायला हात धजत नाही.

मुकुंद

ता. क. परवा घरावरून विमान गेलं. तुझी ताई पिठाच्या हातांनी अंगणात धावली, दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मी म्हटलं, यात नंदू नाही. म्हणाली, "ठाऊक आहे."

ता. क. दुसरा. दिवाळसणाला लीलाला आणायला मुराळी हवा. शंकरप्पा तयारच आहेत, पण ती लिहिते, माझा मामा आला तरच येईन. तेव्हा वसुबारसेला टेंभुर्णीत उतर आणि तिला घेऊन इकडे ये. गाव तुझ्या ओळखीचं आहे. एसटीनं ये. दिवाळीला अजून दोन महिने आहेत. आजच निघालास तरी चालेल.