थोरल्याचं बटण

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, तू आणि वहिनीही बरे असाल. बाबांची खोली रंगवून घेतली, पलंग देऊन टाकला. ऑफिसात बढती मिळाली. आता आमच्या ॲपच्या कुठल्या स्क्रीनवर कोणतं बटण राहणार, हे शेवटी मीच ठरवते.

बाबा गेल्यावर दोन दिवसांनी तू आलास आणि स्वयंपाकघरात मला विचारलंस, "माझी आठवण काढायचे का गं?" मी म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांना काही कळतच नव्हतं."

कळत होतं.

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, तेव्हा टॅबलेटवरची बोलणारी बटणं मीच बनवली. दाबलं की माझ्या आवाजात बोलायचं: पाणी हवं, दुखतंय, कूस बदला. घरच्यांचे फोटोही होते; फोटो दाबला की त्या माणसाला बोलवा म्हणायचं. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "बटणं त्यांची त्यांना मांडू द्या." मांडू दिली. बाबांनी तुझा फोटो सगळ्यांत वर नेऊन ठेवला. मग दिवसभर घरात माझाच आवाज. "थोरल्याला बोलवा. थोरल्याला बोलवा." त्यांना भरवताना, पुसताना, ओली चादर काढताना. माझा फोटो त्यांनी एकदाही दाबला नाही.

दहा दिवस हे ऐकलं, अकराव्या दिवशी मी तुझं बटण काढलं आणि त्यांना पुन्हा काहीच बदलता येणार नाही असं करून ठेवलं. बाई चिडल्या. ऑफिसात सांगते तेच मी त्यांना सांगितलं, "जास्त पर्याय दिले की माणूस गोंधळतो. कुणीतरी ठाम ठरवावं लागतं."

"गोंधळ त्यांचा होतोय की तुमचा?" बाईंनी विचारलं.

त्यांना मी येणं बंद करायला सांगितलं.

बाबा चार दिवस त्या रिकाम्या जागेवर बोट दाबत राहिले. मग 'दुखतंय' दाबून दाराकडे बघायला लागले. काय म्हणायचंय ते मला बरोबर समजायचं. मी गोळी द्यायचे. गोळीने ते झोपायचे.

रविवारी तुझा फोन यायचा तेव्हा मात्र ते जागे असायचे. त्यांच्यासमोर उभी राहून मी तुला "झोपलेत" म्हणून सांगायचे.

हे मन हलकं करायला लिहीत नाहीये, आणि तुझी माफीही नकोय. दोन वर्षं तू तिकडे बसून म्हणायचास, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." तुझं ते निर्धास्तपण मला मोडायचं होतं.

फोन केलास तर उचलेन. रडलास तर शेवटपर्यंत ऐकून घेईन, आणि खरं सांगते, मला बरं वाटेल.

तुझीच,
धाकटी